व्हाउचर पुन्हा पहिल्यापासून

पहाटे ५.२०

आज पाण्याचा दिवस. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की सगळं घर उठून बसतं. माझ्या वाट्याचं काम सोपं आहे. मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. चार वर्षांपूर्वी हे काम मी एका महिन्यात तीनदा विसरले. तिसऱ्या वेळी मोटर चालू करून दळणाचे डबे भरत बसले होते. शेजारच्या काकू हाका मारत आल्या तेव्हा गच्चीवरून पाण्याचा लोट रस्त्यावर येत होता. ज्या गावात बायका पाण्यासाठी अर्ध्या रात्री उठतात, तिथं टाकी वाहू देणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी दार लावून रडले.

आता मोटरच्या बटणाशेजारी खिळ्याला एक टायमर दोरीनं टांगलेला आहे. बटण दाबायचं, टायमर २५ मिनिटांवर लावायचा आणि दोरी गळ्यात घालायची. मोटर बंद केल्याशिवाय दोरी काढायची नाही. सासूबाईंना सुरुवातीला हे बघवत नव्हतं. आता त्याच आतून विचारतात, "अगं, गळ्यात घातलंस ना?"

सकाळी ७.००

भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार, आणि मग कॅप्सूल. डायमिथाइल फ्युमरेट, २४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. रिकाम्या पोटी घेतली की चेहरा, कान, छाती लालबुंद होऊन आग होते. पोटात अन्न असलं की बहुधा निभावतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. २०१६ साली उजव्या डोळ्याला लाल रंग फिका दिसायला लागला, डोळा फिरवला की दुखायचं. मग एमआरआय, पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी, आणि पुढच्या वर्षी निदान. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर उलटतात आणि त्यांच्यावरचं मायलिन नावाचं आवरण खरवडून काढतात. आवरण गेलं तरी संदेश बहुतेक वेळा पोचतो, पण रखडत पोचतो. दौंड-सोलापूर रेल्वेमार्ग एकेरी होता तेव्हा पुण्याहून येणारी गाडी क्रॉसिंगसाठी कधी जेऊरला, कधी केमला उभी राहायची. गाडीत बिघाड नसायचा, सोलापूरही जागच्या जागी असायचं. पोचायला मात्र वेळ लागायचा. माझ्या डोक्यात तसं होतं.

लोकांना या आजारातली काठी आणि व्हीलचेअर माहीत असते. माझी पावलं अजून धड पडतात, म्हणून भेटेल तो म्हणतो, "तुम्हाला काही झालंय असं वाटतसुद्धा नाही." पण एमएस असलेल्यांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के माणसांना डोक्याच्या कामात अडचण येते. विचाराचा वेग उतरतो, नवी गोष्ट टिपून ठेवणं जड जातं, दोन कामं एकदम झेपत नाहीत, ऐन वेळी शब्द सापडत नाही. या आजाराचं पहिलं नीट वर्णन १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी केलं. स्मृती दुबळी होते, विचार मंदावतात, हे त्यांच्या व्याख्यानांत तेव्हाच आलेलं आहे. तरीही निदानानंतर पाच वर्षं मला याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. डोळे, हात, पाय, लघवी, सगळ्याची चौकशी झाली. डोकं कसं चाललंय, हे विचारायचं राहून गेलं.

सकाळी ८.२०

घरातून निघण्याआधी दहा मिनिटं डायरी. आजची कामं चार. भाडं थकलेल्या लॉकरच्या ग्राहकाला फोन, येताना दूध, लेकीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही, आणि संध्याकाळी रक्त द्यायला लॅबमध्ये. त्या कॅप्सूलमुळे पांढऱ्या पेशी फार उतरत नाहीत ना, ते दर काही महिन्यांनी बघावं लागतं.

चारही कामं कागदावर लिहिते, आणि मग त्यांचं एक चित्र करते. लॉकरच्या दारातून दूध वाहतंय, लेक हातातल्या फॉर्मनं ते पुसतेय, आणि फॉर्म बघता बघता रक्तानं लाल होतोय. डोळे मिटून हे चित्र दोनदा बघते. पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शिकवलेली ही रीत आहे. यादीची गोष्ट करायची आणि गोष्ट डोळ्यांपुढं आणायची. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या केसलर फाउंडेशनच्या संशोधकांनी ती एमएसच्या रुग्णांवर पद्धतशीर तपासून बघितली आहे.

त्यांच्याच कामातून समजलेली एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. एमएसमध्ये आठवण पुसली जाते, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत खरी अडचण त्याच्या आधीची असते. गोष्ट डोक्यात मुळात नीट उमटतच नाही. एकदा पक्की उमटली की पुढं ती बऱ्यापैकी टिकते. म्हणजे एखादं काम मला दोनदा सांगितलं, लिहून दिलं, मी ते माझ्या शब्दांत परत म्हणून दाखवलं, तर ते राहतं. जाता जाता दारातून ओरडून सांगितलं तर राहत नाही.

सकाळी ९.४०

शाखेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक कॅशियरकडे, एक माझ्याकडे. एकटीनं उघडायची म्हटलं तरी उघडत नाही, आणि हा नियम माझ्यासाठी केलेला नाही. गेली बावीस वर्षं मी या सहकारी बँकेत आहे. रुजू झाले तेव्हा वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तोंडी काही नाही. कागद दाखवायचा, सही बघायची." एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची. रोजच्या रोज शिल्लक जुळवायची. कुणाच्याच आठवणीवर इथं एक रुपया हलत नाही. आजार कळल्यावर मला वाटलं होतं, आता या कामाला आपण मुकलो. उलट झालं. ज्या धंद्यानं माणसाच्या डोक्यावर कधी भरवसा ठेवला नाही, त्यात माझ्यासारखीला टिकायला जागा असते.

मी पासिंग ऑफिसर. कॅशियरनं केलेली मोठी नोंद माझ्या पडद्यावर येते, व्हाउचर टेबलावर येतं, मी दोन्ही ताडून बघते आणि पास करते. माझा क्रम ठरलेला आहे. खाते क्रमांक, नाव, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम, तारीख, सही. प्रत्येकावर पेन्सिलीची बारीक खूण. अक्षरी आधी, आकडी नंतर. आपल्या मराठी आकड्यांचा एक पेच आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर; लिहिताना सहा आधी. धडधाकट माणूस ही उलटापालट न कळत करतो. मला ती करताना क्षणभर तीन हातात धरून ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर तो सुटतो. अक्षरी रक्कम सावकाश वाचली, मनात म्हटली, की आकडा चुकत नाही.

पडद्याच्या कडेला एक पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर माझ्याच अक्षरात: 'मध्ये थांबलीस? व्हाउचर पुन्हा पहिल्यापासून.'

सकाळी १०.१५

दार उघडल्याबरोबर विडी कामगार बायकांची रांग. आमच्या शाखेत पद्मशाली समाजाचे खातेदार पुष्कळ. घरात तेलुगू, बँकेत मराठी. पेन्शनचे हजार रुपये आले का, लाडक्या बहिणीचे दीड हजार आले का, हे दोन प्रश्न दिवसाकाठी शंभरदा. उत्तर देण्यात मला त्रास नाही. माहीत असलेलं कुठं जात नाही. व्याज कसं काढायचं, कुठल्या कर्जाला काय तारण लागतं, २००५ सालचं परिपत्रक काय म्हणतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

शब्द मात्र दगा देतात. आज एक आजी खातं उघडायला आल्या. फॉर्म भरताना त्यांना विचारायचं होतं, आणि तो शब्द एकदम नाहीसा झाला. रोज पन्नास वेळा तोंडी असलेला शब्द. मी पेन हातात धरून बसले. आजी माझ्याकडे बघताहेत, मागची बाई पुढं वाकून बघतेय. अशा वेळी शब्दाच्या मागं धावलं की तो आणखी लांब जातो, हे अनुभवानं कळलंय. म्हणून सरळ म्हटलं, "आजी, तुमच्या माघारी हे पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव सांगा."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकट्या सुनेला, अक्का. तीच बघते मला."

नाव लिहून झालं आणि शब्द आला. नॉमिनी. फॉर्मवर छापलेलाच होता.

सकाळी ११.४०

हा तास सगळ्यात अवघड. पूर्वी क्लिअरिंगचे चेक गठ्ठ्यानं यायचे. एकदा बसून गठ्ठा संपवायचा की मोकळं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं पद्धत बदलली. आता चेक सुटे सुटे येतच राहतात. ग्राहकाला पैसे लवकर मिळतात, चांगलंच झालं. पण माझ्यासारखीच्या दृष्टीनं एका बैठकीचं काम दिवसभर विखुरलं गेलं. मी त्यावर अर्ध्या तासाची पाळी लावून घेतली आहे. टायमर हलकेच थरथरला की चेकचा पडदा उघडायचा, आलेले सगळे संपवायचे, पडदा बंद. मध्ये डोकावायचं नाही.

फोनचं तसं करता येत नाही. शाखेचा टेलिफोन माझ्या टेबलावर आहे. तो वाजतो तेव्हा वाजतो. आज पेट्रोल पंपाच्या भरण्याचं व्हाउचर हातात होतं, निम्म्या खुणा झाल्या होत्या, आणि फोन आला. मुख्य कार्यालयातून थकीत कर्जाचा आकडा हवा होता, ताबडतोब. आकडा शोधला, सांगितला, समोरच्यानं परत विचारला, परत सांगितला. तेवढ्यात खिडकीशी एक गृहस्थ पासबुक हलवत उभे. त्यांना 'दोन मिनिटं' म्हटलं. फोन ठेवला, राहिलेल्या खुणा केल्या, पास केलं, पुढचं घेतलं.

दुपारी १.३०

डबा खाऊन रेकॉर्ड रूममध्ये २० मिनिटं आडवी होते. जुन्या लेजरच्या कपाटांमध्ये एक सतरंजी टाकलेली आहे. दिवा बंद, फोन बाहेर. झोप लागत नाही. लागायला हवी असंही नाही. एमएसचा थकवा कामानं आलेल्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपून उठलं तरी तो उशाशी असतो. डोक्यानं सलग काम केलं की तो असा चढतो, की समोरचं वाक्य वाचता येतं आणि कळत मात्र नाही. दुपारी हे २० मिनिटांचं पडणं चुकलं तर तीननंतरची मी कामाची राहत नाही.

या सतरंजीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. आधीच्या शाखेत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिथले वरिष्ठ चारचौघांत म्हणायचे, "मॅडम, लक्ष कुठं असतं तुमचं?" एकदा एकाच खात्यात तीच नोंद दोनदा पास झाली. पकडली गेली, दुरुस्तही झाली, पण त्यानंतर मला आवक-जावक नोंदीवर बसवलं. अठरा वर्षं कर्जखातं सांभाळलेली बाई पाकिटांवर नंबर टाकत होती. मला घाबरवलं ते त्या बदलीनं नव्हे. आपण खरंच बेफिकीर झालो की काय, ही शंका माझ्याच मनात बसली होती. रात्री अंथरुणात मी पाढे म्हणून बघायची. एकोणतीसचा यायचा. मग दिवसा काय होतं?

२०२२ मध्ये हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला त्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले आणि तिथं एक चाचणी झाली. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक ते नऊपैकी एक आकडा. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. बघायचं आणि आकडा सांगत जायचं, ९० सेकंद. इतकी साधी चाचणी, की मला वाटलं ही तयारीची असेल. माझे ४१ आले. पहिल्या ओळीनंतर प्रत्येक चिन्हासाठी मी पुन्हा वर बघत होते. सातव्यांदा आलेलं चिन्ह पहिल्यांदा बघितल्यासारखं. दीड वर्षानं ३७. त्या बाईंनी सांगितलं, चार गुणांची घट म्हणजे कामावर परिणाम दिसावा इतकी घट. मी म्हटलं, दिसलाय.

पण त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. झोप विचारली. लघवीला रात्री तीन-तीनदा उठत होते, त्यावर न्यूरॉलॉजिस्टकडून औषध घ्यायला लावलं. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं. मन उदास असतं का, ते विचारलं, असायचं. या प्रत्येक गोष्टीनं डोकं मंदावतं आणि यातली प्रत्येक सुधारता येते. पुढच्या चाचणीत ३९ आले. दोन गुण. पण रात्रीची झोप परत आली होती, आणि तिचा फरक मला कागदापेक्षा टेबलावर जास्त कळला.

तो अहवाल घेऊन मी आताच्या मॅनेजर साहेबांकडे गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्र आहे, आणि वाजवी सोय करून देण्याची कल्पना त्या कायद्यात आहे, हेही लिहून नेलं होतं. सहानुभूती नको होती, हलकं काम तर मुळीच नको होतं. चार गोष्टी मागितल्या. तोंडी सांगितलेलं काम चिठ्ठीवरही द्यावं. टेबल दारासमोरून हलवून भिंतीकडे लावावं. दुपारी २० मिनिटं. आणि टेलिफोन दुसऱ्या टेबलावर. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही रजा मागायला आलात." तीन गोष्टी त्याच आठवड्यात झाल्या. फोनचं मात्र, "बघू, वायर लांब आहे," असं म्हणून राहिलं.

दुपारी ३.००

वीज गेली. बाहेर ४२ अंश. यूपीएसवर संगणक चालतात, एसी चालत नाही.

उष्णतेचं आणि या आजाराचं वैर जुनं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये ते नोंदवलं, म्हणून त्यांचं नाव त्याला लागलं. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जायला आणखी उशीर होतो. अंग थंड झालं की परत पूर्ववत. नवीन इजा झालेली नसते, हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

मामा, म्हणजे आमचे शिपाई, न सांगता माठातल्या पाण्यात पंचा पिळून घेऊन आले. "घ्या की ओ मॅडम, मानेवर ठेवा." पंचा मानेवर, हातात ताक. या वेळात मी पासिंग करत नाही. कर्जाच्या नूतनीकरणाचे कागद सकाळीच उरकलेले असतात. आता केवायसीचे फॉर्म फोटोशी, आधारशी लावून फायलीत घालायचे. घाई नाही, आकडे नाहीत. अवघड काम सकाळी आणि बिनडोक काम दुपारी, एवढी एक विभागणी केली तर निम्मं ओझं हलकं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात ती धडधाकट माणसानंही करावी.

दुपारी ४.४०

कॅश जुळेना. पेटीत २७,००० जास्त.

कॅशियर आमची तिशीच्या आतली, हुशार. तिचे हात थरथरत होते. नोटा मशीनमधून दोनदा काढल्या, तेवढेच. कमी पडणं वाईट, पण जास्त पडणंही वाईटच. कुणाच्या तरी खात्यात ते कमी जमा झालेले असतात. ती सगळी व्हाउचरं पहिल्यापासून ताडायला बसली. मी म्हटलं, "थांब. नऊनं भाग दे."

"काय, मॅडम?"

"फरकाला नऊनं भाग जातोय का बघ."

सत्तावीस हजार भागिले नऊ, तीन हजार. भाग गेला. हिशेबाच्या जुन्या लोकांची ही खूण आहे. फरकाला नऊनं नि:शेष भाग गेला की बहुतेक वेळा कुठं तरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. आणि भागाकार तीन आला, म्हणजे त्या दोन आकड्यांमध्ये तीनचा फरक. ४१ आणि १४, ५२ आणि २५, ६३ आणि ३६. आता सगळी व्हाउचरं बघायची गरज नव्हती. पाच मिनिटांत सापडलं. पेट्रोल पंपाचा भरणा. व्हाउचरवर ६३,०००, अक्षरी त्रेसष्ट हजार, मागं ५०० च्या १२६ नोटा लिहिलेल्या. पडद्यावर ३६,०००. नोंद तिची, पास माझा.

व्हाउचर हातात घेऊन बघितलं. खाते क्रमांकावर पेन्सिलीची खूण, नावावर खूण, अक्षरी रकमेवर खूण. तिथं फोन आला होता. नंतरच्या तीन खुणा जरा ठळक, घाईच्या. अक्षरी रक्कम फोनच्या आधी वाचली, आकडी फोननंतर, आणि मधल्या दोन मिनिटांत त्रेसष्ट हातातून सुटला होता. पुठ्ठ्यावरचा माझाच नियम मी पाळला नव्हता.

नोंद उलटवून नवी केली, पंपाच्या मालकांना फोन करून सांगितलं, रजिस्टरमध्ये चूक लिहून खाली सही केली. मग ते व्हाउचर घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चूक सापडली, तेव्हा गप्पही राहता आलं असतं. पण ठळक आणि बारीक खुणा मला दाखवायच्या होत्या. "इथं फोन वाजला," मी बोट ठेवून सांगितलं. साहेबांनी चष्मा वर करून व्हाउचर उजेडात धरलं. नंतर बेल मारून मामांना बोलावलं.

संध्याकाळी ५.३०

मामांनी टेलिफोनची वायर भिंतीच्या पट्टीतून सोडवली आणि मागच्या टेबलापर्यंत ओढून नेली. चार फूट कमी पडली. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून वायरचं वेटोळं घेऊन आले. चाळीस रुपये, किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर. ते व्हाउचर मीच पास केलं. क्रम पूर्ण करून.

कॅशियर शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, ते नऊचं मला पुन्हा सांगाल?" मी कागदावर लिहून दिलं.

संध्याकाळी ६.१५

लॅब, दूध, घर. चालताना मी फोनवर बोलत नाही. पायांकडे आणि बोलण्याकडे एकदम लक्ष देता येत नाही, पाऊल अडखळतं.

घरी आल्यावर पुण्याच्या एका मैत्रिणीशी बोलले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. तिच्या पुणे शाखेच्या एका बैठकीत आमची ओळख झाली. ती शाळेत गणित शिकवते. त्या बैठकीत तिनं सांगितलं होतं, की फळ्यावर गणित सोडवताना मुलांनी मध्ये शंका विचारली की तिला फळा परका वाटतो. सगळी खोली गप्प झाली आणि मग चार जण एकदम बोलायला लागले. मी त्यातली एक. तोवर मला वाटायचं, हे माझ्या एकटीच्याच बाबतीत होतं.

आज तिला नऊची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अगं, हे तर मी सहावीच्या मुलांना शिकवते."

रात्री ९.३०

लेकीच्या फॉर्मवर सही झाली. लॉकरच्या ग्राहकाला फोन राहिला; तो उद्याच्या पानावर गेला. दुसरी कॅप्सूल जेवणाबरोबर घेतली, डबीवर आजच्या तारखेची फुली मारली. उद्या पाणी नाही. टायमर खिळ्याला आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात एमएस असेल आणि ते माणूस हल्ली कामात चुकतंय, विसरतंय, बोलता बोलता थांबतंय असं दिसत असेल, तर त्याला लक्ष दे म्हणू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या ९० सेकंदांच्या चाचणीबद्दल विचारा. निदानाच्या वेळी एकदा आणि नंतर वर्षातून एकदा ती व्हावी, असं या आजारातले तज्ज्ञ सांगतात. तिला एक कागद, एक घड्याळ आणि शिकलेला माणूस लागतो. माझी पाच वर्षं उशिरा झाली.